कागद किती दिवस ठेवायचा?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणपती बाप्पा मोरया!

या व्यासपीठावर दरवर्षी प्राध्यापक येतात, कीर्तनकार येतात, डॉक्टर येतात. यंदा कार्यकारिणीनं आम्हाला उभं केलं. आम्ही साधे सरकारी नोकर. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या सेवेत लागलो, रस्त्याच्या कामावर उन्हात उभे राहिलो आणि पुढे कागदांच्या राज्यात आलो. विषय कळवला तेव्हा आपले सेक्रेटरी म्हणाले, "नोकरांचे कागद किती वर्षं ठेवायचे, यात ऐकण्यासारखं काय आहे हो?" आम्ही म्हणालो, दहा मिनिटं ऐका. नाही पटलं तर प्रसादाच्या रांगेत जाऊन उभे राहा.

विषय निघाला तो आमच्या भाच्यामुळे. तो पुण्यात एका मोठ्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागात आहे. कंपनीची माणसं सहा देशांत आहेत: भारत, जर्मनी, ब्रिटन, अमेरिका, सिंगापूर आणि अमिरात. मागच्या दिवाळीत तो बडोद्याला आला होता. फराळाचं ताट पुढ्यात घेऊन म्हणाला, "मामा, तुम्ही इतकी वर्षं सेवापोथ्या सांभाळल्यात. आम्हाला एक नियम करायचाय. माणूस नोकरी सोडून गेला की त्याची माहिती किती वर्षं ठेवायची आणि कधी पुसायची? सहा देश आहेत. आमचे साहेब म्हणतात, सगळीकडे सरसकट सात वर्षं लावून टाकू. सोपं पडेल."

आम्ही चकली खाली ठेवली. त्याला म्हटलं, "बाबा रे, सरसकट मुदत लावून आम्ही एकदा हात भाजून घेतलेत. आधी ते ऐक."

ती गोष्ट आज तुम्हालाही सांगतो.

आपल्या गुजरातेत रोजमदार म्हणजे काय, हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. रोजंदारीवर सरकारी कामावर राबणारा माणूस. त्यांच्यासाठी राज्य सरकारचा १७ ऑक्टोबर १९८८ चा ठराव आहे. नोकरीची वर्षं जशी भरतील तसे टप्प्याटप्प्यानं फायदे मिळतात. पण वर्ष धरायचं, तर त्या वर्षात किमान २४० दिवस काम केलेलं असावं लागतं. आता हे २४० दिवस सिद्ध कशावरून करायचे? एकच कागद, हजेरीपट. त्याच्यावर नाव, हजेरीचे ठिपके, दिवसांची बेरीज आणि पैसे घेतल्याचा अंगठा.

एका कार्यालयाचं स्थलांतर निघालं. रेकॉर्डरूम मोकळी करायची होती. जुन्या हजेरीपटांची बंडलं होती, वाळवी लागलेली. नियमाप्रमाणे त्यांची मुदत कधीच संपली होती. आम्ही यादी केली, वरिष्ठांची मंजुरी घेतली, यादीखाली इतरांबरोबर आमचीही सही झाली. सगळं कायदेशीर. बंडलं गेली.

दीड-दोन वर्षांनी एक गृहस्थ आले. कामावर सगळे त्यांना काका म्हणायचे. आयुष्य डांबराच्या धुरात गेलेलं. त्यांचा अर्ज कितीतरी आधीचा, पण तो दुसऱ्या टेबलावर पडून होता. मधल्या चार वर्षांचा पुरावा हवा होता. ते चार वर्षांचे हजेरीपट नेमके त्या बंडलांत. आम्ही त्यांना नियम समजावून सांगितला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला आणि विचारलं, "साहेब, ती बंडलं किती रुपये किलोनं गेली?"

मंडळी, या प्रश्नाला आमच्याकडे आजही उत्तर नाही.

पुढे शोधाशोध केली. कॅशबुकात हजेरीपटांचे नंबर आणि रकमा होत्या, नावं नव्हती. शेवटी एका जुन्या मुकादमाच्या घरी त्याची स्वतःची वही सापडली. रोज कोण आलं, कोण नाही, हे त्यानं लिहून ठेवलेलं. ती वही आणि कॅशबुक यांचा मेळ घालून चारपैकी तीन वर्षं मान्य झाली. एक वर्ष गेलं ते गेलंच. जे काम कार्यालयानं करायचं, ते एका मुकादमाच्या वहीनं केलं.

यातून आम्ही जे शिकलो ते भाच्याला सांगितलं. मुदत किती वर्षांची, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की घड्याळ सुरू कधी होतं? आमच्या नियमात कागद तयार झाला त्या वर्षापासून मुदत मोजली गेली. ती मोजायला हवी होती त्या माणसाचा हक्क निकाली निघाला त्या दिवसापासून. आणि दुसरी गोष्ट, ज्या माणसाचा अर्ज कुठल्याही टेबलावर जिवंत आहे, त्याच्या कागदाला मुदत संपली तरी हात लावायचा नाही. एका टेबलाला दुसऱ्या टेबलाची खबर नव्हती, त्यात काकांचं वर्ष गेलं.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळंच कायम ठेवा ना! कशाला पुसायचं? आता कागदही लागत नाही, सगळं संगणकात मावतं.

त्याचंही उत्तर आहे. जर्मनीत न्यूरेंबर्गला एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीचं एक सेवाकेंद्र होतं. आजारपणाची किंवा सुट्टीची रजा संपवून माणूस कामावर आला की त्याचे वरिष्ठ त्याच्याशी गप्पा मारायचे. कसं वाटतंय, काय झालं होतं, घरी काय चाललंय. आणि नंतर ते सगळं लिहून ठेवायचे. आजाराची लक्षणं, घरातली भांडणं, काहींच्या धार्मिक श्रद्धासुद्धा. ही माहिती वर्षानुवर्षं साठत गेली आणि पन्नासेक वरिष्ठांना ती वाचता येत होती. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये संगणकाच्या मांडणीतल्या चुकीमुळे काही तास ती कंपनीभर सगळ्यांना उघडी पडली, तेव्हा प्रकरण बाहेर आलं. २०२० मध्ये हॅम्बर्गच्या माहिती संरक्षण अधिकाऱ्यांनी कंपनीला सुमारे ३ कोटी ५३ लाख युरो दंड केला.

म्हणजे एकीकडे कागद लवकर गेला म्हणून एका माणसाचं वर्ष बुडालं, आणि दुसरीकडे नको ते लिहून ठेवलं म्हणून माणसांची घरं उघडी पडली. दोन्हीकडे नुकसान नोकराचंच. म्हणून हा विषय कारकुनी नाही.

आता देशोदेशीचे नियम पाहू. भाच्यानं आणि आम्ही चार-पाच रविवार फोनवर बसून एक तक्ता केला. त्यातलं मोजकंच सांगतो, कंटाळू नका.

युरोपचा जो मोठा माहिती संरक्षण कायदा आहे, तो २५ मे २०१८ पासून लागू झाला. पुष्कळांना वाटतं त्यात वर्षं लिहिलेली असतील. तसं नाही. त्यात एवढंच तत्त्व आहे की ज्या कामासाठी माहिती घेतली, त्या कामाला लागेल तितकेच दिवस ती ओळख पटेल अशा रूपात ठेवा. किती दिवस लागेल, हे तुम्ही ठरवा, लिहून ठेवा आणि विचारलं तर पटवून द्या. मोडलं तर दंड २ कोटी युरो किंवा जगभरातल्या वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत.

वर्षं येतात ती त्या त्या देशाच्या कर आणि कामगार कायद्यांतून. जर्मनीत नोकरी न मिळालेल्या उमेदवाराचा अर्ज साधारण सहा महिन्यांत पुसतात. कारण भेदभाव झाला अशी तक्रार करायला तिथं नकार मिळाल्यापासून दोन महिने आणि पुढे दावा लावायला तीन महिने मिळतात. तेवढं उलटलं की अर्ज ठेवायला कारणच उरत नाही. पण नोकराच्या पगाराचं खातं मात्र करासाठी त्या वर्षानंतर सहा वर्षं ठेवावं लागतं आणि जादा तासांच्या नोंदी दोन वर्षं. एकाच देशात, एकाच माणसाचे कागद, आणि मुदती तीन तऱ्हेच्या.

ब्रिटनमध्ये पगारावरच्या करकपातीच्या नोंदी त्या करवर्षाच्या अखेरीपासून तीन वर्षं ठेवतात. किमान वेतन दिल्याचा पुरावा सहा वर्षं. ही मुदत २०२१ पर्यंत तीन वर्षं होती. त्या माणसाला तिथं काम करण्याचा परवाना होता हे तपासल्याचा कागद तो नोकरीत असेपर्यंत आणि नंतर दोन वर्षं.

अमेरिकेत पगाराच्या नोंदी तीन वर्षं आणि वेळेची कार्डं दोन वर्षं. कामाच्या परवान्याचा जो फॉर्म असतो, त्याचा हिशेब गमतीचा आहे. नोकरीला लागल्यापासून तीन वर्षं किंवा नोकरी सुटल्यापासून एक वर्ष, यातलं जे नंतर येईल ते. समजा कुणी जानेवारी २०१५ ला लागला आणि जानेवारी २०२५ ला सुटला, तर फॉर्म जानेवारी २०२६ पर्यंत. पण जानेवारी २०२४ ला लागून सहा महिन्यांतच सोडली, तर त्याचा फॉर्म जानेवारी २०२७ पर्यंत. कमी टिकला त्याचा कागद जास्त काळ! बघा, वर्षांपेक्षा घड्याळाची किल्ली कुठे फिरते ते महत्त्वाचं.

सिंगापूरमध्ये चालू नोकराच्या शेवटच्या दोन वर्षांच्या नोंदी हव्यात, आणि तो सोडून गेला की त्या आणखी एक वर्ष ठेवायच्या. अमिरातीत २०२१ च्या कामगार कायद्याप्रमाणे नोकरी संपल्यावर किमान दोन वर्षं कामगाराची फाइल ठेवावी लागते.

आता या सगळ्यांवर सात वर्षांचं झाकण ठेवून पाहा. जर्मनीतल्या नाकारलेल्या उमेदवाराचा अर्ज सात वर्षं ठेवलात, तर कायदा मोडला. आणि दुसरीकडे ते सात वर्षांचं झाकण भलतंच तोकडं पडतं. कुठे ते सांगतो.

ॲस्बेस्टॉसच्या तंतूंशी काम करणाऱ्याला रोग कधी दिसतो? वीस, तीस, चाळीस वर्षांनी. म्हणून ब्रिटनमध्ये अशा कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षं ठेवायच्या. अमेरिकेत घातक पदार्थांशी काम करणाऱ्याच्या वैद्यकीय नोंदी नोकरीचा सगळा काळ अधिक ३० वर्षं. सात वर्षांनी त्या पुसल्या, तर आजारी पडलेल्या म्हाताऱ्याला आपण कुठल्या धुळीत काम केलं हे सिद्धच करता येणार नाही.

हे दूरचं वाटत असेल तर जवळचं सांगतो. गोध्रा आपल्यापासून किती लांब आहे? तिथल्या क्वार्ट्झ दळण्याच्या कारखान्यांत मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर, झाबुआ भागातले आदिवासी मजूर येत. दगडाची बारीक पूड छातीत जाऊन सिलिकोसिस झाला, माणसं मेली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश आपल्या राज्य सरकारला दिला. त्या लढ्यात मजुरांपुढची एक मोठी अडचण कोणती? आम्ही या कारखान्यात काम केलं, याचा कागद त्यांच्याजवळ नव्हता. हजेरी नाही, ओळखपत्र नाही. छातीत पूड होती, पण रजिस्टरात नाव नव्हतं.

म्हणून आम्ही भाच्याला म्हटलं, मुदत माणसाला लावू नकोस, कागदाच्या जातीला लाव. आपल्या जुन्या मुंबई इलाख्याच्या दप्तरी परंपरेत हे शहाणपण होतंच. महाराष्ट्रात आजही अभिलेखांचे वर्ग आहेत. 'अ' म्हणजे कायम, 'ब' म्हणजे ३० वर्षं, 'क' म्हणजे १० वर्षं, 'क-१' म्हणजे ५ वर्षं आणि 'ड' म्हणजे १ वर्ष. इकडे आपल्याकडे अक्षरं वेगळी, पण रीत तीच. परदेशी सल्लागार लाखो रुपये घेऊन जो तक्ता करून देतात, त्याचा आजोबा आपल्या कचेरीच्या भिंतीवर लटकतोय.

आमच्या तक्त्यात सहा रकाने झाले. एक, कागद कोणता: अर्ज, करार, पगार, हजेरी, वैद्यकीय, तक्रार-चौकशी. दोन, माणूस प्रत्यक्ष काम कुठल्या देशात करत होता. तीन, कुठल्या कायद्यानं किंवा कुठल्या गरजेनं तो ठेवायचा. चार, घड्याळ कधी सुरू होतं: कागदाच्या तारखेला, वर्षअखेरीला, नोकरी सुटल्यावर, की दावा निकाली निघाल्यावर. पाच, मुदत. सहा, मुदत संपल्यावर पुसणार कोण आणि पुसल्याची नोंद कुठे करणार. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर तो कागद ठेवायला कारण नाही असं समजायचं. 'कधीतरी लागेल' हे कारण नव्हे. एच अँड एमच्या वरिष्ठांनाही तसंच वाटलं असणार.

आणि या सगळ्यांच्या वर एक लाल शिक्का: 'थांबा'. कोर्टात दावा आहे, चौकशी चालू आहे, हक्काचा अर्ज पडून आहे, तर त्या माणसाचे संबंधित कागद मुदत संपली तरी थांबवायचे. अमेरिकेत नोकरीतल्या भेदभावाची रीतसर तक्रार दाखल झाली, की ती पूर्ण निकाली निघेपर्यंत संबंधित कागद ठेवणं बंधनकारक आहे. आमच्या कार्यालयात हा लाल शिक्का असता, तर काकांची चारही वर्षं वाचली असती.

भाच्याचा पुढचा प्रश्न होता, "मामा, आमचा एक मुलगा पुण्यातून तीन वर्षं म्युनिकला गेला आणि परत आला. त्याला कुठला नियम?" आम्ही म्हटलं, तो भारतीय आहे म्हणून युरोपचा कायदा सुटत नाही. तो कायदा पासपोर्ट पाहत नाही. म्युनिकच्या कचेरीत त्याची जी माहिती तयार झाली, तिला तिथला नियम. तिची प्रत पुण्याच्या सर्व्हरवर आली, तरी ती आपल्याबरोबर ते बंधन घेऊनच येते, आणि ती इकडे आणण्यासाठी ठरावीक करारनामे करावे लागतात. म्हणून एका माणसाच्या दोन फायली ठेवायच्या, एक पुण्याची, एक म्युनिकची. दोन्ही एकात मिसळल्या की कुठल्या पानाला कुठली मुदत हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि पुसायचं म्हणजे मूळ प्रत पुसून भागत नाही. बॅकअपमध्ये आहे, पगार करून देणाऱ्या बाहेरच्या एजन्सीकडे आहे, कुणा मॅनेजरच्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये आहे, त्या सगळ्या ठिकाणांची यादी हवी.

आता आपल्या देशाचं बघू. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. ते टप्प्याटप्प्यानं लागू व्हायचे आहेत. त्यातही तत्त्व तेच: काम संपलं की पुसा, मात्र दुसऱ्या कायद्यानं ठेवायला सांगितलं असेल तर ठेवा. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. दुसरे कायदे तर आहेतच. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं ठेवावी लागतात. म्हणजे आमच्या भाच्याच्या साहेबांची सात वर्षं त्यांच्या स्वतःच्या देशातही पुरी पडत नव्हती!

इथपर्यंत कंपनीची बाजू झाली. आता आपल्या घरांची बाजू. या सभागृहातल्या किती घरांतली मुलं बाहेर आहेत? हात वर करू नका, आम्हाला माहीत आहे. आपले पूर्वज गायकवाडांच्या चाकरीत इथे आले. आपली मुलं आता दुबई, टोरांटो, म्युनिकच्या चाकरीत आहेत. एकेकाच्या पाच-पाच नोकऱ्या होतात. आणि हे सगळे नवे कायदे कंपन्यांना सांगताहेत, काम संपलं की पुसा. चांगलंच आहे. पण याचा दुसरा अर्थ असा, की उद्या तुम्हाला कागद लागला तर कंपनीकडे तो असेलच असं नाही. आणि तो नसणं हा तिचा दोषही नसेल.

कागद लागतो कधी? नोकरी सोडून वीस-पंचवीस वर्षांनी. आपल्याकडे कर्मचारी पेन्शन योजनेत पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते. दोन-तीन कंपन्या मिळून ती भरत असेल तर प्रत्येकीचा पुरावा हवा. ४ नोव्हेंबर २०२२ ला वाढीव पेन्शनचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं दिला, तेव्हा काय झालं आठवा. आपल्या मंडळातले किती काका लोक कपाटं उपसत होते! वर्षानुवर्षांच्या पगाराचा तपशील, जादा रकमेवर वर्गणी भरायला दिलेल्या संमतीचा कागद. ज्यांच्या कंपन्या बंद पडल्या, त्यांनी कुणाकडे मागायचं?

परदेशातही तसंच. जर्मनीत पेन्शनचा हक्क मिळायला पाच वर्षांची वर्गणी लागते, अमेरिकेत ४० क्रेडिट म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम. जर्मनीशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे, अमेरिकेशी नाही. कुठे कधी किती काम केलं, याचा कागद हातात असेल तरच या कराराचा उपयोग.

म्हणून मुलांना एवढं सांगा. नोकरी सोडायच्या आधी नेमणूकपत्र, सोडल्याचं पत्र, दर वर्षाची किमान एक पगारस्लिप, फॉर्म १६, भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन आणि पासबुकाची प्रत, आणि परदेशात असाल तर तिथल्या विम्याचा किंवा सामाजिक सुरक्षेचा क्रमांक आणि वर्गणीचा दाखला, हे सगळं आपल्या स्वतःच्या मेलवर आणि कागदावर घ्या. कंपनीच्या मेलवर ठेवलंत, तर शेवटच्या दिवशी संध्याकाळी ते दार बंद होतं. युरोपात असाल तर आपली माहिती मागायचा हक्कच आहे. अर्ज केला की साधारणपणे एका महिन्यात कंपनीनं प्रत द्यावी लागते. लाजू नका. मुकादमाची वही प्रत्येकाच्या घरी नसते, पण प्रत्येकाला स्वतःची ठेवता येते.

बडोदेकरांपुढे बोलताना एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सगळे कागद पुसायचे नसतात. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोदे संस्थानच्या नोकरीत होते. आधी सर्व्हे सेटलमेंट खात्यात, मग इतर कामं करत कॉलेजात. बाबासाहेब आंबेडकर संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ मध्ये अमेरिकेला गेले. परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची असा त्यांच्याशी करार होता. १९१७ मध्ये ते नोकरीवर हजर झाले आणि या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. ही आपल्या शहराची लाजिरवाणी गोष्ट आहे, आणि ती विसरता येऊ नये. त्या काळच्या कारकुनाला तो करार म्हणजे एका विद्यार्थ्याचा कागद वाटला असेल. पाच वर्षं झाली, टाका रद्दीत, असं त्यानं म्हटलं असतं तर? म्हणून युरोपच्या कायद्यातही सार्वजनिक हिताच्या दप्तरखान्यासाठी सवलत ठेवली आहे. आमच्या तक्त्याच्या तळाशी आम्ही भाच्याला एक ओळ लिहायला लावली: पुसण्याआधी जुन्या जाणत्या माणसाला एकदा दाखवावं.

शेवटी आपल्या मंडळाकडे येतो, म्हणजे आता रागवायची तयारी ठेवा.

आपल्या कार्यालयातल्या लोखंडी कपाटात वधूवर सूचक केंद्राचे फॉर्म आहेत. पत्रिका, फोटो, पगार, घरचे आजार, 'पहिलं लग्न मोडल्याचं कारण', सगळं आहे. ज्यांचे ते फॉर्म, त्यांची मुलं आता कॉलेजात जातात. त्याच कपाटाची किल्ली खिळ्याला टांगलेली असते. आणि मंगल कार्यालयात पंधरा-वीस वर्षं राबलेल्या आपल्या आचाऱ्याचं, झाडूवाल्या बाईंचं, चौकीदाराचं हजेरी रजिस्टर कुठे आहे? मागच्या रंगकामाच्या वेळी ते कुठे गेलं, कुणाला ठाऊक नाही. म्हणजे जे पुसायचं ते आपण जपलं आणि जे जपायचं ते घालवलं. आम्हीही त्या वेळी कार्यकारिणीत होतो, म्हणून हा दोष आम्ही दुसऱ्याच्या अंगावर ढकलत नाही.

आमची सूचना साधी आहे. लग्न जमल्याचं कळलं किंवा अर्ज मागे घेतला, की एका वर्षात फॉर्म फाडायचा; फाडायचा म्हणजे तुकडे करायचे, रद्दीवाल्याला द्यायचा नाही. ज्यांच्याकडून तीन वर्षं काही कळलं नाही, त्यांना एक फोन करायचा आणि मग फाडायचा. आणि कामगारांचं रजिस्टर नव्यानं बांधायचं. जुन्या पावत्या, कॅशबुक, त्यांच्याबरोबर काम केलेल्या सभासदांच्या आठवणी यांवरून जितकी वर्षं जुळवता येतील तितकी जुळवायची, प्रत्येकाला त्याच्या सेवेचा दाखला मंडळाच्या शिक्क्यासह द्यायचा आणि रजिस्टर कायम ठेवायचं. हे काम आम्ही अंगावर घेतो. दोन तरुण मदतीला द्या, दिवाळीपर्यंत करून दाखवू.

मंडळी, आपण गणपती आणतो तेव्हाच विसर्जनाचा दिवस ठरलेला असतो. कुणाकडे दीड दिवसाचा, कुणाकडे गौरींबरोबर जाणारा, कुणाकडे अनंत चतुर्दशीचा. शेजाऱ्याचा दीड दिवसाचा म्हणून आपण आपला दीड दिवसात बोळवत नाही. ज्या घरची जी रीत तीच चालते. पण दिवस न ठरवता आणलेला गणपती कुठल्याच घरात नसतो. देव्हाऱ्यातली मूर्ती मात्र कायमची असते, ती कुणी विसर्जित करत नाही. कागदाचंही तसंच आहे. कुठला दीड दिवसाचा, कुठला दहा दिवसांचा आणि कुठला देव्हाऱ्यातला, हे घरात आणतानाच ठरवा.

भाच्याच्या कंपनीनं तो तक्ता मान्य केला. त्याच्या साहेबांनी विचारलं, हे कुठल्या सल्लागाराकडून करून घेतलं? त्यानं सांगितलं, "मामांकडून." आम्हाला मात्र तो तक्ता पाहिला की काकांचं ते एक वर्ष आठवतं.

प्रसाद घेतल्याशिवाय कुणी जाऊ नये.

गणपती बाप्पा मोरया!